जोडावरची रेघ

माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकत नाहीत. चहाचा कप धरला की ती सरळ उभी राहतात. नवा माणूस हमखास विचारतो, मशीनमध्ये गेली का, जॅक सुटला का. मी सांगतो, भावानं तोडली. सख्ख्या भावानं, हातोडीनं, भर दुपारी, पंधरा माणसांसमोर. मग तो माणूस घाईघाईनं चहा संपवतो आणि पुन्हा काही विचारत नाही. पण हे अर्धंच खरं आहे. भावानं हातोडी उचलली त्याआधी मी उचलली होती, आणि ती का उचलली हे सांगायला एक चहा पुरत नाही.

जाम चौकाजवळ आमचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. नागपूरहून येणाऱ्या मोठ्या रस्त्याला इथे चंद्रपूरचा फाटा फुटतो. त्यामुळे धाबे, टायरवाले, ट्रकांच्या रांगा, आणि या सगळ्यांच्या मागे टिनाच्या शेडमध्ये आम्ही. भाऊ डेंटर, मी पेंटर. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो ठोकायचा आणि मी रंगवायचो. घरची शेती काका बघायचे. आम्हा दोघांना मातीत रस नव्हता, आम्हाला पत्रा हवा होता.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाऊ माझ्याहून तापट. आई म्हणायची, माझ्या पोटी दोन पोरं नाही, दोन भांडणं जन्मली. एकदा एका गिऱ्हाइकानं माझ्या मरून रंगाला वांग्याचा रंग म्हटलं, तर मी त्याच्या डोळ्यांदेखत ओल्या बॉनेटवर थिनर ओतलं आणि म्हटलं, घ्या, आता तुमच्या आवडीचा सांगा. तो माणूस पुन्हा आला नाही. गेला तर गेला, असंच वाटायचं तेव्हा.

डेंटिंग ही मारामारीच आहे. आतून एका हातानं लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी घालायची, आणि दोन्हींच्या मध्ये सापडलेला पत्रा मुकाट मूळ जागी आणायचा. नाही आला तर भाऊ त्याला शिव्या द्यायचा, आणि शिव्यांनीही भागलं नाही तर ठोकळा पत्र्याऐवजी माझ्याकडे यायचा. माझ्या डाव्या भुवईवर खाच आहे ती त्याची. त्याच्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे तो माझा, वेल्डिंगच्या गरम सळईचा. संध्याकाळी मात्र आम्ही एकाच डब्यातून जेवायचो, आणि कोणी सांगितलं असतं की हा भाऊ एक दिवस तुझा हात मोडेल, तर मी सांगणाऱ्याचाच मोडला असता.

लोकांना वाटतं, गाडी म्हणजे एक अखंड वस्तू. तसं नसतं. आत एक पिंजरा असतो. खालची चौकट, बाजूचे खांब, वरचे आडवे दांडे, सगळं वेल्डिंगनं एकजीव केलेलं. खांबांना आम्ही पिलर म्हणतो. पुढच्या काचेच्या दोन अंगांना दोन, दारांच्या मध्ये दोन, मागे दोन. बाहेरून जे दिसतं, म्हणजे बॉनेट, फेंडर, दरवाजे, बंपर, ते या पिंजऱ्यावर बोल्टानं अडकवलेलं. त्यातलं काही तर आता प्लास्टिकचंच येतं. चेपलं तर काढा, फेका, नवं लावा. शहरात फिरवायच्या लहान गाड्यांचा पत्रा इतका पातळ की नुसतं कोपर टेकलं तरी खळगा पडतो, आणि लोक त्यावरून गाडीला नावं ठेवतात. पण गाडी उलटली की बॉनेट आणि बंपर कुणाच्या कामाला येत नाहीत. तेव्हा माणूस आणि डांबर यांच्यामध्ये फक्त तो पिंजरा उरतो. टप, म्हणजे गाडीचं छत, त्या पिंजऱ्याचा भाग. टपाला बोल्ट नसतो.

रस्ता चारपदरी झाल्यापासून क्रेनवरून येणाऱ्या गाड्या वाढल्या. बाहेरचा पत्रा भाऊ बघायचा, आतली धुलाई माझ्याकडे. रक्त गार पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यानं डाग धरतो. सीटच्या फटीतून काचेचा चुरा निघायचा, बांगड्यांचे तुकडे निघायचे, लहान मुलाची चप्पल निघायची. चप्पल नेहमी एकच. मी ते सगळं पत्र्याच्या एका डब्यात ठेवायचो आणि गाडी न्यायला आलेल्याला विचारायचो. कोणी घेत नसे. तो डबा भरत गेला आणि मी त्याच्याकडे बघणं बंद केलं.

गाडी परत देताना भावाची एक पद्धत होती. किल्ली देण्याआधी तो टपावर पंजानं एक थाप मारायचा. साधीसुधी नाही, समोरच्याला वाटावं की आता पुन्हा खळगा पडणार. टण्ण असा आवाज घुमला की म्हणायचा, न्या. गिऱ्हाइकांना त्या थापेचं फार अप्रूप. नवी गाडी घेतलेले लोकही चौकात थांबून थाप मागायचे. भावाची थाप पडलेली गाडी रस्त्यात दगा देत नाही, असं कोणीतरी पसरवलं होतं. बहुतेक मीच.

मग दोन रंगांची हवा आली. शोरूममधूनच तशा लहान गाड्या निघायला लागल्या, खाली लाल आणि वर काळा टप, खाली निळी आणि वर पांढरा. ज्यांच्या गाड्या एकरंगी होत्या त्यांना चैन पडेना. सगळे माझ्याकडे. या कामात रंगापेक्षा रेघ महत्त्वाची. एक रंग दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून लावायची टेप कडेकडेनं ताणत न्यायची, अंगठ्यानं दाबत दाबत, एका दमात. मध्ये थांबलात तर तिथे रेघ दचकते. दाराच्या फटीवरून ती पलीकडे जाते तेव्हा केसभरही वर-खाली झालेली चालत नाही. माझी रेघ दचकायची नाही. मागच्या पिलरपाशी ती संपायची तिथे मी तिला वर एक छोटं वळण द्यायचो, चिमणीच्या चोचीएवढं. ती माझी सही होती. हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंत लोक ते वळण ओळखायचे, आणि मी कोणत्याही चौकात उभा राहिलो की आधी गाड्यांच्या मागच्या पिलरकडे बघायचो. माझंच मला कौतुक.

पहिली उलटलेली लहान गाडी आली ती पांढरी. गाडीवाला हिंगणघाटचा व्यापारी. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर, आणि त्याला गाडी मांडवात उभी पाहिजे होती. टप चेपून सीटच्या पाठीला टेकला होता. अशा गाडीचा पिंजराच बदलायला हवा, आणि तो कंपनीकडून यायला महिनोन्‌महिने. भाऊ नागपूरच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचा टप घेऊन आला, पिलर मधोमध कापलेला. आमच्या गाडीचे पिलरही त्यानं तिथेच कापले. मग वरचा अर्धा खालच्या अर्ध्यावर ठेवला.

असा जोड देता येतच नाही असं नाही. आतून लोखंडाची दुसरी पट्टी घालायची, सगळीकडून सलग वेल्डिंग करायचं, आठ-दहा दिवस त्यात घालायचे. भावानं आत काही घातलं नाही. वेल्डिंगचे नुसते चार-चार टाके मारले आणि वर पुट्टी थापली. मी ओरडलो. हे टिकणार नाही, गाडी पुन्हा उलटली तर टप उडून जाईल. त्यानं माझा गळा धरून मला टिनाच्या भिंतीला लावलं. भिंत थरथरली, वरून गंजाचा भुगा आमच्या दोघांच्या डोक्यावर पडला.

“लोखंड माह्याकडं हाये,” तो म्हणाला. “तू रंग मार.”

मी त्याच्या पोटात गुडघा घातला आणि सुटलो. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

पण जोड लपेना. तीनदा पुट्टी भरली, तीनदा पॉलिश पेपरनं घासली, तरी उन्हात गाडी काढली की पिलरवर बारीक वरंबा दिसायचा. बोट फिरवलं की लागायचा. तिसऱ्या वेळी भावानं हातोडी शेडच्या बाहेर भिरकावली आणि डोकं धरून टायरवर बसला. आणि तेव्हा मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, एका रंगात हे लपणार नाही, मी दोन रंग करतो, आणि रेघ बरोबर जोडावरून घेतो. जिथे रंग बदलतो तिथे कड असणारच, असं डोळा धरून चालतो. कोणी बोट फिरवलं तरी त्याला टेपची कड वाटेल.

भावानं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणीतरी आहे. मला किती आनंद झाला ते लिहायला लाज वाटते, पण झाला. ती रेघ मी श्वास रोखून मारली. खाली पांढरा, वर काळा, आणि मागे माझं वळण. तशी सुंदर रेघ मी आधी मारली नव्हती. व्यापारी हरखून गेला. गाडी लग्नाच्या चार दिवस आधी गेली.

किल्ली देताना भावानं थाप मारली नाही. मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

पुढे दीड वर्षात अशा आणखी दोन झाल्या. एक लाल, काळ्या टपाची. एक निळी, पांढऱ्या टपाची. तीन गाड्या. त्यांचे नंबर आम्ही टिपून ठेवले नाहीत, भिंतीवर खडूनं नुसता रंग लिहायचो आणि काम झालं की पुसायचो. लोखंड भावाचं, रंग माझा, असं मी मनाशी म्हणायचो. मी तर फक्त रेघ मारली.

आमची धाकटी बहीण कारंज्याला दिलेली, घाडग्यांच्या कारंज्याला. जवाईंचं तिथे भांड्यांचं दुकान. माल आणायला त्यांना सारखं नागपूरला जावं लागायचं आणि ते कधीचे वापरलेल्या लहान गाडीच्या शोधात होते. आम्ही दोघं भाऊ याच धंद्यातले, पण त्यांनी आम्हाला विचारलं नाही. मेव्हण्यांना थक्क करायचं होतं. एका रविवारी दुपारी हॉर्न वाजवत ते चौकातून थेट शेडपाशी आले. पेढ्यांचा डबा, मागच्या सीटवर त्यांची आई, पुढे बहीण आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची भाची. गाडी लाल होती, टप काळा.

लाल-काळ्या गाड्या ढिगानं होत्या. मी हसत पुढे गेलो, गाडीला एक चक्कर मारली आणि मागच्या पिलरपाशी थांबलो. तिथे माझं वळण होतं.

बहीण उतरून माझ्या मागे आली होती. ती कौतुकानं सांगत होती की आर्वीत तीन गाड्या पाहिल्या, तिन्ही बऱ्या होत्या, ठरत नव्हतं; मग हिच्यावर हे वळण दिसलं आणि तिनं जवाईंना सांगितलं, बाकीच्या राहू द्या, ही माह्या दादाच्या हातची हाये. तेवढ्यावर गाडी घेतली. भाची खिडकीतून अर्धी बाहेर आली होती आणि पुढच्या पिलरवरच्या रेघेवरून बोट फिरवत होती.

जवाईंनी भावाला बोलावलं. त्यांना थाप हवी होती. “भाऊ, तुमची थाप पडल्याशिवाय मी हे नागपूरले नेत नाई,” ते म्हणाले. भावानं पॅन्टला हात पुसला. हात वर नेला. त्याची नजर रेघेवर गेली, आणि हात तसाच खाली आला. हाताला ऑइल आहे, म्हणाला, गाडी खराब होईल. जवाई हसले. मी हसलो नाही.

भावानं मला दंडाला धरून शेडच्या आत ओढलं. त्याची बोटं दंडात रुतली होती.

“चूप राह्य,” तो म्हणाला. “आठ दिसानं सर्व्हिसिंगच्या नावानं बलावतो. नीट करून देतो. कोनाले काई कयत नाई.”

आणि मी मान हलवली. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. माझी सख्खी बहीण त्या गाडीत बसणार होती आणि मी आठ दिवस थांबायला तयार झालो होतो. आठ दिवसांत काय होतंय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

बाहेर आलो तर ती सगळी परत गाडीत बसली होती. बहिणीनं सांगितलं, आता नागपूर, सासूबाईंना डॉक्टरला दाखवायचं आहे, मग मुक्काम, मग उद्या कारंजा. जवाईंनी गाडी सुरू केली. भाचीला झोप येत होती. तिनं आईच्या मांडीवरून सरकून गाल पिलरला टेकवला, बरोबर जोडाच्या जागी, आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, उतरा. त्यांना वाटलं जेवायला थांबवतोय. बहीण म्हणाली, नको, उशीर होईल. मी दार उघडलं आणि भाचीला बखोटीला धरून बाहेर काढलं. ती रडायला लागली. बहिणीला मी हाताला धरून खेचलं, तिचा पाय दारात अडकला आणि ती गुडघ्यावर पडली. तिच्या दोन बांगड्या फुटल्या. सासूबाई किंचाळत मागच्या दारानं बाहेर आल्या. जवाई इंजिन चालू ठेवून माझ्या अंगावर धावून आले. तोवर माझ्या हातात हातोडी होती.

पहिला घाव पुढच्या पिलरवर बसला. समोरची काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकली. दुसऱ्या घावाला काळा रंग उडाला आणि खालची पुट्टी चेहऱ्यावर आली, बोटभर जाडीची, दाताखाली करकरली. तिसरा, चौथा. मला काही दिसत नव्हतं. मी ओरडत होतो असं लोक सांगतात, काय ओरडत होतो ते कोणाच्या लक्षात नाही. चाक काढायची लोखंडी टामी पडली होती, ती मी जोडात घातली आणि अंगाचा सगळा भार दिला. टाके एकेक तुटले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. फट वाढली आणि तिच्यातून पलीकडचा धाबा दिसायला लागला.

तेवढ्यात भाऊ आला. त्यानं मागून कमरेला विळखा घातला, मी डोकं मागे आपटून त्याचं नाक फोडलं. तो रक्त गाळत गाळत हातोडीपर्यंत पोचला. मी डाव्या हातानं टामी धरून होतो, उजवा दाराच्या चौकटीवर टेकलेला. त्यानं त्यावर मारली. एकदाच मारली असती तर चुकून लागली असं मी म्हणालो असतो, पण त्यानं दोनदा मारली. तेव्हाही तो मला सोड सोड असंच म्हणत होता. मग जवाईंनी फटीत स्वतःचं बोट घालून पाहिलं. ते आरपार गेलं. ते वळले आणि भावाच्या तोंडावर बुक्क्यांवर बुक्क्या मारत राहिले. ट्रकवाल्यांनी त्यांना ओढून काढलं, नाहीतर त्या दिवशी एक माणूस गेलाच असता.

वर्ध्याच्या दवाखान्यात बहीण माझ्याशेजारी बसली होती. गुडघ्याला पट्टी, मनगटावर काचेचे ओरखडे. मला वाटलं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. मी तिचा जीव वाचवला होता. मी तशी वाटही बघत होतो, खोटं कशाला बोलू.

तिनं विचारलं, अशा गाड्या किती. मी म्हटलं, तीन. तिनं विचारलं, बाकीच्या दोन कुठे आहेत. मी म्हटलं, माहीत नाही.

“माही गाडी फोडली,” ती म्हणाली. “त्या लोकाईच्या काऊन नाई फोडल्या? त्याइच्यात कोनाची बहीण बसत नाई का?”

आणि उठून गेली. नुसतं बोलली असती तरी सोसलं असतं, पण ती उठताना दादा म्हणाली नाही. त्यानंतर फोनवर कामापुरतं बोलायची, तेही माझं नाव घेऊन. लहानपणापासून तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

जवाईंनी पोलिसांत लिहून दिलं. मी जे केलं होतं ते मीही लिहून दिलं, जोडावर रेघ घ्यायची अक्कल माझी, हे धरून. भाऊ काही दिवस आत होता. आता तो पुलगावजवळ नाचणगावला ट्रॅक्टरचे पत्रे ठोकतो. आमची गाठ पडत नाही. दुकान मी एकट्यानं चालवतो, फक्त बोल्टाचे पत्रे बदलतो, एकरंगी काम करतो. दोन रंगांचं विचारायला आलेल्याला मी हात दाखवतो.

बोटांचं प्लास्टर निघाल्यावर मी पांढरीच्या मागे लागलो. व्यापारी हिंगणघाटचा, त्यामुळे त्याचं घर सापडलं. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. त्याला वाटलं, मी नवीन काम काढायला आलोय. त्याच्या पुतण्यांनी मला फाटकाबाहेर घातलं. दुसऱ्या दिवशी मी टामी घेऊन गेलो आणि कोणाला काही न विचारता अंगणातल्या गाडीच्या पिलरवर घातली. त्यांनी मला जे बदडलं ते मला अजून थंडीत आठवतं. पण पुट्टी पडली होती आणि जोड उघडा झाला होता. मारता मारता एकाचं तिकडे लक्ष गेलं, मग दुसऱ्याचं, आणि ते थांबले. व्यापाऱ्याची लग्न झालेली मुलगी माहेरी आलेली होती, तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. मार खाऊन इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

राहिली निळी. तिचा मूळ मालक बदली होऊन गेला होता, गाडी विकली होती, ज्याला विकली त्यानं पुढे विकली. नंबर माहीत नाही. मी वर्षभर चौकात उभा राहिलो. दिवसातून दोनदा तरी निळी-पांढरी लहान गाडी जायची आणि मी मोटारसायकल काढून तिच्या मागे. हात करून थांबवायचो. लोक घाबरायचे, शिव्या द्यायचे, एकानं कुत्रा सोडला. मी मागच्या पिलरकडे बघायचो, सॉरी म्हणायचो आणि परत यायचो. गाडी बाजारात, आठवडी बाजारात, लग्नांच्या मांडवाबाहेर, कुठे कुठे उभा राहिलो. बहिणीचा फोन आला की शेवटी ती एकच विचारायची, सापडली का. मी नाही म्हणायचो. ती फोन ठेवायची.

मागच्या महिन्यात सकाळी मी शेड झाडत होतो आणि क्रेन आली. क्रेनवाला ओळखीचा. उतरवू कुठे, म्हणाला. क्रेनला निळी गाडी टांगलेली होती, वरून उघडी, पिलर अर्ध्यावर संपलेले. मला वाटलं कोणीतरी भंगारात कापलेली आहे. मग मागून टेम्पो आला. त्याच्यात टप वेगळा ठेवला होता, पांढरा, फारसा चेपलेलाही नव्हता. मी टेम्पोत चढलो. रेघ कुठेच तुटलेली नव्हती. वळणही तसंच होतं.

मी विचारलं, कोण होतं. क्रेनवाला म्हणाला, नवरा चालवत होता, त्याला खरचटलंय. बाई बाजूला होती, ती वाचली नाही. माहेरी चालली होती म्हणे.

गाडी उतरवून घेतली. आत गार पाणी ओतलं, सीटच्या फटीत हात घातला, मला सवय आहे. हिरव्या बांगड्यांचे तुकडे निघाले. सरळ राहिलेल्या दोन बोटांनी ते नीट उचलता येत नव्हते, म्हणून डाव्या हातानं एकेक उचलले. मग बाहेर येऊन बहिणीला फोन लावला. मी म्हटलं, निळी सापडली.

पलीकडून तिनं मोठा श्वास सोडला. मला ऐकू आला.

“बरं झालं, दादा,” ती म्हणाली.

मग मी तिला पुढचं सांगितलं.